डोकेदुखीच्या इंजेक्शनांचे अमेरिकी बिल: कोड कसा निवडावा

अमेरिकेतील दवाखान्यांच्या बिलांचे काम पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून करणाऱ्या नवख्या कोडरला (उपचारांच्या नोंदींना बिलाचे कोड लावणाऱ्याला) ‘डोकेदुखीचे इंजेक्शन’ हा एकच प्रकार वाटतो. प्रत्यक्षात सीपीटी कोडांमध्ये, म्हणजे वैद्यकीय प्रक्रियांच्या अमेरिकी कोडांमध्ये, असा एकच एक कोड नाही. सुई कोणत्या स्नायूत किंवा कोणत्या मज्जातंतूजवळ गेली आणि तिच्यातून कोणते औषध दिले गेले, यावर कोड ठरतो. म्हणून चार्ट (रुग्णाच्या नोंदींची फाइल) उघडल्यावर निदानाच्या आधी प्रक्रियेची नोंद वाचावी.

जुनाट मायग्रेनसाठी बोटॉक्स दिले असल्यास ६४६१५ हा कोड लावावा. दोन्ही बाजूंचे स्नायू त्याच्या व्याख्येतच धरलेले आहेत. त्यामुळे ३१ ठिकाणी टोचले असले तरी तो एकदाच लिहावा आणि दोन्ही बाजूंसाठीचा ५० हा मॉडिफायर (कोडमागे जोडायचा पूरक संकेत) त्याला जोडू नये. निदान म्हणून जी४३.७०९, किंवा उपचारांना दाद न देणारा मायग्रेन असे डॉक्टरांनी लिहिले असल्यास जी४३.७१९, असा नेमका कोड हवा. नुसत्या डोकेदुखीचा आर५१.९ येथे चालत नाही. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, दिवसाला ४ तास किंवा त्याहून जास्त डोके दुखते, हे चार्टमध्ये स्पष्ट दिसले पाहिजे, कारण २०१० मध्ये एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने) या औषधाला मान्यता दिली ती अशाच रुग्णांसाठी.

खरी गफलत होते ती बिलातील औषधाच्या ओळीवर. बोटॉक्स या औषधाच्या जे०५८५ या कोडचे एक युनिट म्हणजे बोटॉक्सचे एक युनिट, एक कुपी नव्हे. ठरलेली मात्रा १५५ युनिटांची असते आणि कुपी बहुधा २०० युनिटांची वापरली जाते. अशा वेळी मेडिकेअरच्या (अमेरिकी सरकारी आरोग्य विम्याच्या) क्लेमवर, म्हणजे विम्याकडे पाठवायच्या बिलावर, एका ओळीत १५५ आणि दुसऱ्या ओळीत, जेडब्ल्यू मॉडिफायर जोडून, टाकून दिलेली ४५ युनिटे लिहावीत. मात्र ती टाकून दिल्याची नोंद चार्टमध्ये असलीच पाहिजे. काहीच वाया गेले नसेल तर ओळ मोकळी सोडायची नाही: १ जुलै २०२३ पासून तेथे जेझेड लावावा लागतो.

मानेच्या मागील मोठ्या ऑक्सिपिटल मज्जातंतूचा ब्लॉक (तो बधिर करणारे इंजेक्शन) असेल तर ६४४०५ लावावा, आणि दोन्ही बाजूंना दिला असेल तर येथे मात्र ५० हा मॉडिफायर जोडावा. त्यासाठीचे नेहमीचे निदान एम५४.८१ (ऑक्सिपिटल मज्जातंतूची वेदना) असते. सोबत मेथिलप्रेडनिसोलोन ॲसिटेट हे स्टेरॉइड दिले असल्यास जुना जे१०३० विसरावा. २०२४ पासून जे१०१० वापरला जातो व त्याचे एक युनिट १ मिलिग्रॅमचे आहे. सवयीने ४० मिलिग्रॅमसाठी १ लिहिणाऱ्याला चाळिसाव्या हिश्शाचेच पैसे मिळतात.

ट्रिगर पॉइंटच्या (स्नायूतील दुखऱ्या गाठीच्या) इंजेक्शनासाठी स्नायू मोजावेत, टोचण्या नव्हे: एक-दोन स्नायूंना २०५५२, तीन किंवा अधिक स्नायूंना २०५५३.

तपासणीचे शुल्क वेगळे लावण्याचा मोह अनेकांना होतो. रुग्ण केवळ ठरलेल्या इंजेक्शनासाठी आला असेल तर ते लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांनी स्वतंत्र, दखलपात्र तपासणी करून ती लिहून ठेवली असेल, तरच तपासणीच्या कोडला २५ मॉडिफायर जोडावा. क्लेम पाठवण्यापूर्वी मागील बोटॉक्सची तारीखही पाहावी. १२ आठवडे पूर्ण होण्याआधीचा क्लेम बहुधा नाकारला जातो.