काटापट्टीच्या हिशेबातून एंटरप्राइझ जावा: लिहिण्यापासून सर्व्हरवर चढवण्यापर्यंत

यवतमाळ किंवा वाशीमसारख्या जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहून एंटरप्राइझ जावा शिकणाऱ्याने सरावासाठी विमान-आरक्षणाचे उदाहरण घेण्याचे काही कारण नाही. बाजार समितीच्या आवारात कापसाची गाडी काट्यावर चढते, माल उतरल्यावर रिकाम्या गाडीचे वजन होते, आणि दोन्ही वजनांतील फरकाला क्विंटलचा भाव लावून, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. नोंदींची कायम साठवण, एकाच वेळी काम करणारी अनेक माणसे आणि कोणतीही नोंद अर्धवट न राहण्याची हमी या एंटरप्राइझ प्रणालीच्या तिन्ही गरजा एवढ्याशा व्यवहारात येतात.

आधी आवृत्तींचा गोंधळ निस्तरावा. एंटरप्राइझ जावा म्हणजे मोठ्या, अनेकांच्या वापराच्या प्रणालींसाठीची जावाची मानके; ती १९९९ मध्ये जे-टू-ईई या नावाने आली, पुढे त्यांना जावा ईई म्हणू लागले, आणि २०१७ मध्ये ओरॅकलने ती एक्लिप्स फाउंडेशनकडे देण्याचे ठरवल्यानंतर त्यांचे नाव जकार्ता ईई झाले. डिसेंबर २०२० मधील नवव्या आवृत्तीत पॅकेजांच्या नावातील ‘जावॅक्स’ जाऊन ‘जकार्ता’ आले. म्हणून शिकवणीच्या जुन्या व्हिडिओतील कोड टॉमकॅट १० या सर्व्हरवर जसाच्या तसा चालत नाही, टॉमकॅट ९ वर मात्र चालतो. शिवाय टॉमकॅट हा मुळात सर्व्हलेट व जेएसपी या वेबच्या भागापुरता सर्व्हर आहे, संपूर्ण मंचाचा नव्हे. नवशिक्याने जावा १७ किंवा २१, बांधणीचे साधन मेव्हन आणि संपूर्ण मंचाचा सर्व्हर वाइल्डफ्लाय एवढेच घ्यावे; वाइल्डफ्लायच्या २७ व्या आवृत्तीपासून जकार्ता ईई १० चा आधार आहे.

मेव्हन पहिल्याच बांधणीत बरीच ग्रंथालये उतरवतो, आणि ज्याच्या मोबाइलचा दिवसाचा डेटा ठरलेला आहे त्याला हे जाणवते. नेट चांगले असेल तेव्हा ‘डिपेंडन्सी गो-ऑफलाइन’ हे उद्दिष्ट एकदा चालवून घ्यावे. त्यानंतर मेव्हनच्या आज्ञेला उणे चिन्ह आणि लहान ओ जोडला की बांधणी बहुधा नेटशिवाय होते. पॉम फाइलमध्ये, म्हणजे मेव्हनच्या सूचनांच्या फाइलमध्ये, जकार्ता एपीआयची (मंचाच्या तयार वर्गांची) व्याप्ती ‘प्रोव्हायडेड’ ठेवावी, कारण ती वर्गरचना सर्व्हरकडे असतेच आणि सर्व्हरवर चढवायच्या वॉर फाइलमध्ये ती पुन्हा भरण्याचे प्रयोजन नाही.

आता मुख्य काम. शेतकरी आणि पट्टी असे दोन एंटिटी वर्ग, म्हणजे डेटाबेसमध्ये साठवले जाणारे वर्ग, करावेत. वजन व रक्कम यांसाठी डबल हा दशांशी संख्येचा प्रकार न वापरता नेमका हिशेब ठेवणारा बिगडेसिमल वापरावा, डबलमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि पैशाच्या हिशेबात हे खपत नाही. पट्टी जपणे आणि शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम जमा करणे ही दोन्ही कामे सेवा-वर्गाच्या एकाच पद्धतीत, ‘ट्रान्झॅक्शनल’ या खुणेखाली (अ‍ॅनोटेशनखाली) ठेवावीत. मग दोहोंच्या मध्ये मुद्दाम एक रनटाइम अपवाद, म्हणजे कार्यक्रम चालताना येणारी चूक, फेकावा आणि डेटाबेस उघडून पाहावा: पट्टीही नसेल, जमाही नसेल. तोच प्रयोग चेक्ड, म्हणजे कोडमध्ये आधीच जाहीर करावा लागणाऱ्या, अपवादाने केला, तर मूळ नियमानुसार व्यवहार मागे फिरत नाही आणि पट्टी राहते, जमा मात्र होत नाही. तो फिरावा यासाठी ‘रोलबॅक-ऑन’मध्ये तसे लिहावे लागते. माझ्या मते दहा पाठ वाचण्यापेक्षा हा एक प्रयोग अधिक शिकवतो, आणि भारनियमनाच्या गावात त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

हंगामात दोन काट्यांवर दोन लिपिक बसतात. दोघांनी एकाच शेतकऱ्याची जुनी जमा वाचून आपापली भर घातली, तर दुसऱ्याची नोंद पहिल्याची भर पुसून टाकते. एंटिटीत ‘व्हर्जन’ खुणेचे एक क्षेत्र ठेवले, की उशिरा येणाऱ्याला अपवाद मिळतो आणि त्याला ताजी माहिती घेऊन पुन्हा नोंद करता येते.

बांधणीतून तयार झालेली वॉर फाइल वाइल्डफ्लायच्या ‘स्टँडअलोन’ फोल्डरमधील ‘डिप्लॉयमेंट्स’मध्ये ठेवावी. शेजारी ‘डिप्लॉइड’ शेपटीची खूणफाइल उमटली तर काम झाले. ‘फेल्ड’ उमटली तर सर्व्हरची लॉग फाइल उघडून ‘कॉज्ड बाय’च्या ओळींपैकी सर्वांत खालची ओळ आधी वाचावी, कारण मूळ दोष बहुधा तिथेच सापडतो. प्रणाली आपल्या संगणकावर ८०८० या पोर्टवर दिसेल, पण त्याच वायफायवरच्या मोबाइलवर दिसणार नाही, कारण वाइल्डफ्लाय मूळ रचनेत फक्त त्याच यंत्राचे ऐकतो. सर्व्हर सुरू करताना उणे-बी पुढे चार शून्यांचा पत्ता, म्हणजे ०.०.०.०, द्यावा. व्यवस्थापनाचे ९९९० हे पोर्ट मात्र बाहेर उघडू नये.

वाइल्डफ्लायसोबत येणारा नमुना डेटास्रोत (डेटाबेसची जोडणी) एच-टू या डेटाबेसचा असून तो स्मृतीतच राहतो. लाइट गेली की सगळ्या पट्ट्या गेल्या. म्हणून सरावाच्या दुसऱ्या टप्प्यातच पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस बसवावा, त्याचा ड्रायव्हर व डेटास्रोत सर्व्हरमध्ये नोंदवावा आणि पर्सिस्टन्स फाइलमध्ये फक्त त्या डेटास्रोताचे जेएनडीआय नाव, म्हणजे सर्व्हरमध्ये तो ज्या नावाने नोंदवला ते, लिहावे. पासवर्ड कोडमध्ये येत नाही, आणि घरच्या संगणकावरची वॉर फाइल समितीच्या संगणकावर न बदलता चढते.

प्रत्यक्ष वापराच्या लिनक्स यंत्रावर सर्व्हर सिस्टमडीची (यंत्रावरील सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेची) सेवा म्हणून नोंदवावा, म्हणजे वीज परत आल्यावर यंत्र चालू होताच तोही उठेल. रोज संध्याकाळी काटा बंद झाला की पीजी-डंप या पोस्टग्रेएसक्यूएलच्या साधनाने डेटाबेसची प्रत काढावी, आणि ती प्रत अधूनमधून दुसऱ्या संगणकावर भरून त्यातील एखादी पट्टी कागदी पट्टीशी पडताळून पाहावी.