ऑफिसच्या ईमेलचा मायना: या चुका टाळा

एका सहकाऱ्याकडे मी हिशेबाची फाइल मागितली होती. ईमेलची पहिली ओळ नेहमीचीच: ‘आशा आहे, आपण मजेत असाल.’ वडील गेल्यानंतर तो ईमेलच्या दिवशीच सकाळी कामावर परतला होता आणि हे मला माहीत होतं. हाताच्या सवयीने ओळ लिहून गेली. उत्तरात फक्त फाइल आली, सोबत एक शब्दही नव्हता. तेव्हापासून पाठवण्याआधी मी मायना वेगळा वाचून बघतो.

ती ओळ मराठी वळणाचीही नाही. ‘हा ईमेल आपणास कुशल अवस्थेत मिळो’ हे तिचंच इंग्रजी वळणाचं भावंड, पण असं आपल्यात कोण बोलतं? शिवाय मोबाइलवर ईमेल आला की विषयाखाली मजकुराची सुरुवातच तेवढी दिसते. ती जागा अशा ओळीने अडवली, तर काम काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. ‘नमस्कार, मार्चच्या बिलावर तुमची सही हवी आहे’ एवढं पुरे. खुशाली विचारायचीच असेल तर नेमकी विचारा: ‘पायाचं प्लास्टर निघालं का?’

अनोळखी वरिष्ठांना ‘प्रिय’ लिहू नका. इंग्रजीत ‘डिअर’ कुणालाही चालतं, मराठीतल्या ‘प्रिय’मध्ये जवळीक आहे. नाव माहीत असेल तर ‘नमस्कार’ आणि नाव, फार तर ‘मा.’ लावा. ‘मा. श्री. अमुकसाहेबजी’ अशी मानाची उतरंड रचली की आदर वाढत नाही, लिहिणारा बिचकलेला दिसतो. नाव माहीत नसताना सरसकट ‘महोदय’ लिहिलं जातं आणि पलीकडे बाई असतात. ‘महोदय/महोदया’ लिहा, नाहीतर नुसतं ‘नमस्कार’. जीमेलच्या वाक्य सुचवणाऱ्या सोयीतूनही 2018 मध्ये स्त्री-पुरुष दाखवणारी इंग्रजी सर्वनामं वगळली होती, कारण अंदाज चुकला की समोरचा दुखावतो.

‘नमस्कार’ लिहून खाली पुन्हा ‘स.न.वि.वि.’ हा प्रकार फार दिसतो. सप्रेम नमस्कार विनंती विशेष, म्हणजे नमस्कार त्यातच आला. दोन्हींपैकी एकच ठेवा. मला स्वतःला हे जुनं रूप आवडतं, पण ते पत्रासारख्या सविस्तर ईमेलला शोभतं. दोन ओळींच्या निरोपाला ते जड होतं.

शेवटाकडे तर कुणी बघतच नाही. जुना मसुदा उचलला की बाईंच्या सहीवर ‘आपला विश्वासू’ तसंच राहतं, तिथे ‘आपली’ हवं. साध्या कामासाठी ‘तसदीबद्दल क्षमस्व’ नको, त्या कामासाठीच तो माणूस तिथे आहे. आणि एकाच दिवशी पाचव्या उत्तराला पुन्हा पूर्ण मायना लागत नाही, थेट मुद्द्यावर या.

सगळ्यात जिव्हारी लागते ती नावाची चूक. जुना ईमेल चिकटवताना आधीच्या माणसाचं नाव तसंच जातं. म्हणून मसुद्यातलं नाव आधी पुसा, मग मजकूर बदला आणि पत्ता सगळ्यात शेवटी भरा. तरीही चुकीचं नाव गेलंच, तर ईमेल परत बोलावण्याच्या खटपटीत पडू नका. आउटलुकमधली ती सोय बाहेरच्या पत्त्यांवर चालत नाही. लगेच एक ओळ पाठवा: ‘मघाशी तुमचं नाव चुकलं, माफ करा. मजकूर तुमच्यासाठीच आहे.’