परदेशात किताब राखायला निघण्यापूर्वी: जगज्जेत्या बॉक्सरच्या चमूसाठी

परदेशात किताब राखायला निघालेल्या जगज्जेत्याच्या गोटात सर्वांत जास्त चर्चा होते ती गुण देणाऱ्या पंचांची. ती भीती अगदीच निराधार नाही. परंतु परक्या भूमीवर बेल्ट गमावलेल्या नामांकित विजेत्यांच्या लढती पाहिल्या, तर त्यांतील बऱ्याच गुणपत्रिका उघडण्यापूर्वीच संपल्याचे दिसते. जॉर्ज फोरमन 1974 मध्ये किन्शासात आठव्या फेरीत पडला, माइक टायसन 1990 मध्ये टोकियोत दहाव्या, तर लेनॉक्स लुईस 2001 मध्ये दक्षिण आफ्रिकेत पाचव्या फेरीत. म्हणून तयारीचा मोठा वाटा पंचांवर नव्हे, तर करार, प्रवासाच्या तारखा आणि शरीराला नव्या जागेशी जुळवून घ्यायला लागणारा वेळ यांवर खर्च करावा.

सर्वप्रथम जाणे खरोखरच भाग आहे का, हे तपासावे. किताब देणाऱ्या संघटनेने ठरवून दिलेल्या आव्हानवीराशी अनिवार्य लढत असेल आणि दोन्ही बाजूंची बोलणी फिसकटली, तर लढतीचे हक्क बोलीवर जातात व सर्वाधिक रक्कम देणारा प्रमोटर (लढत भरवणारा आयोजक) ती आपल्या सोयीच्या देशात नेऊ शकतो. बोलणी ताणून धरण्यापूर्वी ही शक्यता हिशेबात घ्यावी, कारण एकदा बोली लागली की ठिकाणाबाबत विजेत्याचे फारसे चालत नाही.

जायचे ठरले की करारात परतीच्या लढतीचे (रीमॅचचे) कलम असलेच पाहिजे, आणि ती लढत कुठे व किती दिवसांत होईल हेही त्यात स्पष्ट हवे. दक्षिण आफ्रिकेत लुईसला हरवणाऱ्या हसीम रहमानविरुद्धची परतीची लढत लुईसला मिळवण्यासाठी न्यायालयात जावे लागले. कलम पक्के होते म्हणून तो जिंकला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासला त्याने चौथ्या फेरीत बेल्ट परत घेतले. अँथनी जोशुआनेही जून 2019 मध्ये न्यूयॉर्कला अँडी रुइझकडून हरल्यावर अशाच कलमाच्या आधारे डिसेंबरमध्ये सौदी अरेबियात किताब परत मिळवला. मानधनाची रक्कम लढतीपूर्वी तटस्थ खात्यात जमा व्हावी किंवा तिला बँकेची हमी असावी, आणि यजमान देशात किती कर कापला जाईल हे सही करण्यापूर्वी करतज्ज्ञाकडून लेखी घ्यावे. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या कमाईतून सर्वसाधारणपणे 30 टक्के रक्कम आधीच कापून घेतली जाते, याचा धक्का अनेकांना धनादेश हाती आल्यावर बसतो.

व्हिसाचे अर्ज केवळ बॉक्सरचे नव्हे, तर कॉर्नरमधील, म्हणजे फेऱ्यांदरम्यान त्याची काळजी घेणाऱ्या चमूतील, प्रत्येकाचे एकाच वेळी आणि लवकर करावेत. 2022 मध्ये डेव्हिन हेनी मेलबर्नला जॉर्ज कंबोसोसशी लढायला गेला, तेव्हा त्याच्या वडिलांना, म्हणजेच मुख्य प्रशिक्षकाला, ऑस्ट्रेलियात प्रवेशाची परवानगी अगदी शेवटच्या घटकेला मिळाली. हेनी जिंकला, तरीही मुख्य प्रशिक्षक पोहोचला नाही तर कॉर्नरचा ताबा कोणाकडे असेल, हे प्रत्येक चमूने निघण्यापूर्वी ठरवून ठेवावे आणि त्या माणसासोबत काही स्पॅरिंगची (सरावातील लढतींची) सत्रे पारही पाडावीत.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, अर्थात पोहोचण्याची तारीख. ढोबळ मानाने वेळेच्या प्रत्येक तासाच्या फरकासाठी शरीराला एक दिवस द्यावा लागतो, आणि पूर्वेकडचा प्रवास पश्चिमेकडच्या प्रवासापेक्षा अधिक जाचतो. लढतीचे ठिकाण उंचावर असेल, तर दोन ते तीन आठवडे हाताशी असावेत. विरळ हवेत दम लवकर लागतो आणि दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात श्वास पूर्वीसारखा भरून येत नाही. लुईस-रहमान लढत जोहान्सबर्गजवळच्या ब्रॅकपनला, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटर उंचीवर झाली. लुईस ब्रिटिश आणि रहमान अमेरिकी, म्हणजे प्रेक्षक दोघांचेही नव्हते. फरक होता तो तयारीत: रहमान बराच आधी येऊन तिथल्या हवेत सराव करत होता, तर लुईस चित्रपटातल्या भूमिकेचे काम आटोपून दोन आठवड्यांहूनही कमी दिवस आधी पोहोचला आणि 253 पौंडांहून अधिक वजन घेऊन रिंगमध्ये उतरला. यजमानाने दगा दिला, असे म्हणायला या पराभवात कुठेच जागा नाही.

लढतीची वेळ कोणत्या देशातील दूरचित्रवाणीसाठी ठरवली आहे, हे करार करतानाच विचारावे. किन्शासातील लढत अमेरिकी प्रेक्षकांसाठी पहाटे चारच्या सुमारास सुरू झाली, तर ब्रिस्बेनमध्ये मॅनी पॅकियाओ भर दुपारी लढला. शेवटचे दहा दिवस जेवण, झोप आणि स्पॅरिंग त्याच घड्याळावर चालले पाहिजे. मैदान उघड्यावर असेल तर उन्हाचाही विचार करावा. बॅरी मॅकगिगन 1986 च्या जूनमध्ये लास व्हेगासच्या रणरणत्या उन्हात 15 फेऱ्या लढला, शेवटच्या फेरीत दोनदा खाली पडला, गुणांवर हरला आणि शरीरातील पाणी कमी झाल्याने थेट रुग्णालयात गेला. आयर्लंडच्या हवेत वाढलेल्या शरीराला अशा उष्णतेची सवय काही दिवसांत लागत नाही; ती आधीच्या शिबिरातच लावावी लागते.

लढत पुढे ढकलली गेली तर काय, याचेही उत्तर तयार असावे. किन्शासातील लढतीपूर्वी फोरमनच्या डोळ्यावर सरावात जखम झाली आणि लढत 25 सप्टेंबरवरून 30 ऑक्टोबरवर गेली. तो सारा काळ त्याने झाईरमध्येच (आजच्या काँगोत), काहीशा एकलकोंडेपणाने काढला. त्याचा प्रतिस्पर्धी मोहम्मद अली मात्र त्या अवधीत तिथल्या लोकांचा लाडका झाला.

वजनाची जोखीम परदेशात दुप्पट होते, कारण विमानप्रवासाने शरीरात पाणी साठते, खाणे बदलते आणि हॉटेलातला काटा भलतेच आकडे दाखवू शकतो. आपला काटा सोबत न्यावा आणि पोहोचल्यावर तो अधिकृत काट्याशी ताडून पाहावा. लुईस नेरी फेब्रुवारी 2018 च्या अखेरीस टोकियोत 118 पौंडांच्या मर्यादेला दुसऱ्या प्रयत्नातही 121 पौंड भरला; दुसऱ्या दिवशी त्याने शिनसुके यामानाकाला दुसऱ्या फेरीत हरवले, पण बेल्ट आदल्या दिवशी काट्यावरच गेला होता. अन्नाबाबत एक इशारा: काही देशांत जनावरांना क्लेनब्युटेरॉल हे खेळाडूंना बंदी असलेले औषध दिले जाते आणि मांसातून ते उत्तेजक चाचणीत उतरू शकते. 2018 मध्ये कॅनेलो अल्वारेझने याच कारणाचा दाखला दिला, तरी त्याला सहा महिन्यांची बंदी भोगावी लागली. स्वयंपाकी आपला असावा आणि मांस कुठून आले याची नोंद ठेवावी.

कॉर्नरचे साहित्य यादी करून दोन वेगळ्या बॅगांत न्यावे. टोकियोत टायसनचा डोळा सुजत गेला तेव्हा त्याच्या माणसांकडे सूज दाबण्याची थंड धातूची पट्टी नव्हती, आणि त्यांनी बर्फाचे पाणी भरलेला रबरी हातमोजा डोळ्यावर धरला. जगातील सर्वांत भीतिदायक बॉक्सरच्या कॉर्नरची ही अवस्था असेल, तर इतरांनी गाफील राहण्याचे कारण नाही. ग्लोव्ह्जची बनावट आणि हाताला पट्ट्या बांधण्याचे नियम करारातच नोंदवावेत, आणि प्रतिस्पर्ध्याच्या पट्ट्या बांधताना आपला माणूस हजर ठेवावा. 2015 मध्ये ड्युसेलडॉर्फला पाहुणा म्हणून आलेल्या टायसन फ्युरीच्या चमूने रिंगच्या कापडाखालच्या जादा फोमवर आक्षेप घेतला आणि आपल्या माणसाच्या गैरहजेरीत बांधलेल्या व्लादिमिर क्लिच्कोच्या पट्ट्या पुन्हा बांधायला लावल्या. पाहुण्याने असेच नडायला हवे, मात्र ते रिंगपाशी एक-दोन दिवस आधी जाऊन, शांतपणे आणि लेखी.

राहता राहिले पंच. ते तटस्थ देशांतील असावेत असा आग्रह धरावा आणि त्यांची नावे आधी मागून घ्यावीत. बॉक्सिंगचे नियमन करणाऱ्या स्थानिक आयोगाला मान्य असेल तर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलच्या लढतींत चौथ्या व आठव्या फेरीनंतर गुण जाहीर होतात. आपण मागे आहोत हे वेळेत कळण्यासाठी ही सोय मागावी. निकालानंतरच्या तक्रारीवर भिस्त ठेवू नये. 2017 मध्ये ब्रिस्बेनला जेफ हॉर्नने पॅकियाओला गुणांवर हरवल्यावर वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशनने लढत पाच निनावी पंचांकडून पुन्हा तपासून घेतली आणि निकाल कायम राहिला. टोकियोत प्रतिस्पर्धी खाली पडल्यावर रेफरीने केलेल्या संथ मोजणीवरच्या तक्रारीनेही टायसनचा बेल्ट परत आला नाही.

परतीचे विमान लढतीच्या रात्रीचे काढू नये. जवळचे मेंदूशस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय कोणते आणि विमा तिथे चालतो का, हे पोहोचल्यादिवशीच पाहून ठेवावे. बॉक्सर जिंकला असला, तरी डोक्यावर बरेच ठोसे बसले असतील तर तपासणी होऊन डॉक्टरांनी प्रवासाची लेखी परवानगी देईपर्यंत त्याला विमानात बसवू नये, आणि तोवर चमूतील एका माणसाने रात्रीही त्याच्याच खोलीत राहावे.