परवडणाऱ्या घरांसाठी हरकत-सूचना कशी द्यायची

शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) कलम २६ प्रमाणे हरकती-सूचनांना ठरावीक मुदत मिळते, ती अजिबात वाया घालवू नका. नुसतं "घरं स्वस्त करा" लिहून काही होत नाही, नकाशात आपला सर्व्हे नंबर शोधा, गरिबांच्या घरांसाठी राखलेल्या जागेचं आरक्षण उडवलंय का बघा आणि नेमकं तेच लिहा, की हे आरक्षण ठेवा कारण इथे धुणंभांडी करणाऱ्या बायका रोज दोन बस बदलून येतात. पत्राच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का न् तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आमच्या शेजारच्या काकूंचं पत्र गहाळ झालं आणि हातात पोचच नव्हती. सुनावणी हवीय हेही लिहाच, नियोजन समितीपुढे बोलता येतं, जाताना चाळीतले चार जण सोबत न्या.