अँबेसेडरला सेकंड इंजिन बसवताना

अँबेसेडरच्या जुन्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) पेट्रोल इंजिनाचं, म्हणजे १४८९ सीसीवाल्याचं, बोअर (सिलिंडरचं भोक) घासून ४० थाउपर्यंत (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठं झालं की पुढे स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी, मारण्याशिवाय इलाज उरत नाही. त्यात क्रँकही घासून घासून शेवटच्या साइझला आलेला असेल, तर पिस्टन सेट, बेअरिंग आणि लेथवाल्याची मजुरी धरून हिशेब सेकंड, म्हणजे वापरलेल्या, इंजिनाच्या किमतीवर जातो. अशा वेळी मोडीत निघालेल्या गाडीचं त्याच जातीचं इंजिन आणणं खिशाला परवडतं.

यात ‘त्याच जातीचं’ ही अट सोडू नका. १९९२ पासून अँबेसेडरमध्ये इसुझुचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन येऊ लागलं. ते ताकदीचं आहे आणि भंगारात मिळतंही. पण त्याला गिअरबॉक्स त्याचाच लागतो, माउंटिंग बदलतात, प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवावी लागते, आणि स्वस्तात सुरू केलेलं काम वेल्डिंगच्या बिलावर संपतं. दुसरा सापळा डिझेलचा. बीएमसीचं जुनं डिझेल इंजिनही १४८९ सीसीच आहे, त्यामुळे विकणारा ‘सीसी तोच’ म्हणतो ते खोटं नसतं. पण तुमच्या आरसीवर इंधन पेट्रोल लिहिलेलं असतं.

कागदांचं आधी बघा, कारण इथे चुकलं तर बाकीची मेहनत पाण्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी घ्यायची असते. आधी घेतली नसेल तर बदल केल्यापासून १४ दिवसांत कळवावं लागतं. एमएच-१५ ची, म्हणजे नाशिकची, गाडी असेल तर पेठ रोडच्या कार्यालयात आधी अर्ज टाकून मगच गाडीला पाना लावा. इंजिन घेताना पावतीवर इंजिन नंबर आणि ज्या गाडीतून ते काढलं तिचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. नंबर ब्लॉकवर रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असेल तर रिव्हेट जुनेच आहेत ना ते पाहा. चकचकीत रिव्हेट दिसले तर ते इंजिन तिथेच सोडा. आणखी एक: गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर घ्यायचा विचार असेल, तर तिथे गाडी मूळ रूपात लागते आणि इंजिनातला फेरफार आड येतो. अशा गाडीचं मूळ इंजिन स्लीव्ह मारून वाचवलेलंच बरं, मग दोन पैसे जास्त का लागेनात.

हेडसकट फुल इंजिन घ्या. हाफ इंजिन स्वस्त वाटतं, पण त्याचं कॉम्प्रेशन मोजता येत नाही आणि ते कुठल्या गाडीतून निघालं हेही सांगता येत नाही. नाशिकमध्ये जुन्या गॅरेजवाल्यांकडे विचारून मिळालं तर उत्तम, कारण गाडीत असलेलं, चालू करून दाखवता येणारं इंजिन मिळण्याची शक्यता तिथे जास्त. नाही तर मुंबईत कुर्ल्याचा जुन्या पार्टचा बाजार आहेच. तिथून आणायचं तर टेम्पोत इंजिन उभं, जुन्या टायरवर ठेवून बांधा. आडवं ठेवलं तर संपचं (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचं) तेल सिलिंडरमध्ये उतरतं आणि घरी येईपर्यंत संपला पोचाही पडलेला असतो.

जाताना कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज, टॉर्च आणि पाव लिटर तेल बरोबर ठेवा. आधी पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठेही अडता कामा नये. जाम असेल तर प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडून विकणाऱ्याला दोन दिवसांनी येतो म्हणा. तरीही फिरलं नाही तर भाव कितीही पडो, घेऊ नका. मग डिपस्टिक. तेलाला दुधाळ, ताकासारखा रंग म्हणजे पाणी शिरलंय: गॅसकेट, नाही तर हेड किंवा ब्लॉकची चीर. पुली धरून पुढे-मागे ओढा. क्रँकची चाल स्पष्ट जाणवली तर थ्रस्ट वॉशर गेले.

कॉम्प्रेशन मोजताना चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, बॅटरी दमदार असू द्या. एकट्या आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो १० टक्क्यांच्या आत हवा. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे मुंबईत १२० पीएसआय दाखवणारं इंजिन इथे ११० च्या जवळपास दाखवेल. त्यावरून विकणाऱ्याशी भांडू नका. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग किंवा बोअर झिजलंय, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. व्हॉल्व्हचं काम स्वस्तात होतं, बोअरचं नाही. निवड करताना हा फरक लक्षात घ्या. इंजिन चालू करून दाखवत असतील तर तेल भरायचं झाकण उघडून हात धरा. धूर भकाभका येतोय, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन आहे: रिंगांवरून दाब खाली उतरतोय.

इंजिनाला जेवढे पैसे मोजले, जवळपास तेवढेच बाजूला ठेवा. ते कुठे जातात ते पुढे येईलच.

इंजिन घरी आलं की गाडीत टाकायची घाई नको. घोडीवर (स्टँडवर) ठेवून हेड उतरवा, आणि इथे एक नेहमीची चूक सांभाळा: रॉकर शाफ्टच्या स्टँडचे मोठे चार नट हेडचेही नट असतात. रॉकर काढायचा म्हणून तेवढेच सोडले तर हेड एका बाजूला ताणून वाकतं. हेडचे सगळे नट थोडे थोडे, क्रमाने सोडा. पिस्टनच्या माथ्यावर ०२०, ०३० असा शिक्का आहे का पाहा. त्यावरून पुढचा बोअर किती शिल्लक आहे ते कळतं. हेड सातपूर किंवा अंबडला फेसिंगला द्याल तेव्हाच एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कडक सीट बसवून घ्या. ही इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातली आहेत, आणि देशात २००० पासून शिसंवालं पेट्रोल बंद झालं. मऊ बिडाची सीट लांबच्या प्रवासात बसत जाते, टॅपेटची गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) मरते आणि व्हॉल्व्ह जळतो. इंजिन आधी गॅसवर चाललेलं असेल तर हे काम टाळूच नका.

संप उतरवून एखादी बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) कॅप सोडून पाहा. बेअरिंगचा करडा थर निघून तांबूस रंग दिसत असेल तर सगळी बेअरिंग बदला. कॅप ज्या रॉडची, त्याच बाजूने परत बसवा. आवळण्याचा कस (टॉर्क) बिग एंडला ३५ पाउंड-फूट (सुमारे ४.८ किलोग्रॅम-मीटर), मेन बेअरिंगला ७०, हेडच्या नटांना ४०. टॉर्क रेंच नसेल तर भाड्याने आणा, पण अंदाजाने आवळू नका. टॅपेट (ब्लॉकमधले) आणि पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा. घासून जुळलेले भाग जागा बदलले की कॅमच खातात.

आता पान्यांबद्दल. हे इंजिन इंचाचं आहे. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो, पण तो ढिला असतो आणि बोल्टचे कोपरे मारतो. ९/१६ वर १४ चा जात नाही, म्हणून लोक १५ चा लावतात आणि हेडचे नट गोल करून ठेवतात. ७/१६, १/२, ९/१६ अशा तीन गोट्या (सॉकेट) आणि रिंग पाने घेतले तर बहुतेक काम निघतं.

जुनं इंजिन उतरवायला दोन माणसं, एक टनाची चेन पुली आणि ती टांगायला भक्कम जागा लागते. पत्र्याच्या शेडचा अँगल चालणार नाही. इंजिन दीडशे किलोच्या घरात असतं. बॉनेटच्या बिजागरांभोवती खुणा करून बॉनेट काढा, बॅटरी सोडा, रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हींचं पाणी काढा. रेडिएटर, कार्ब्युरेटर, डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर उतरवून ठेवा. प्रत्येक वायरला चिकटपट्टीचा तुकडा लावून नाव लिहा, मोबाइलवर फोटो काढला असला तरी. काळ्या पडलेल्या वायरींचे रंग फोटोत ओळखू येत नाहीत.

गिअरबॉक्स गाडीतच राहू द्यायचा असेल तर त्याच्याखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावा आणि मग बेल हाउसिंगचे बोल्ट सोडा. माउंटिंग सुटल्यावर इंजिन सरळ पुढे ओढा. शाफ्ट क्लचमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत उचलू नका. बसवतानाही हेच. इंजिनाचा भार क्षणभर जरी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर लटकला तरी क्लच प्लेटचा मधला हब वाकतो, आणि मग क्लच कितीही ॲडजस्ट करा, गिअर खरखरतच पडतो. नव्या इंजिनातला दोष समजून लोक महिनाभर भलतीकडेच शोधत बसतात.

इंजिन बाहेर असतानाच स्वस्तात होणारी कामं उरका: क्लच प्लेट, कार्बनचं रिलीज बेअरिंग, क्रँकच्या टोकातला पितळी बुश, इंजिन माउंटिंगचे रबर. फ्लायव्हीलची रिंग नीट पाहा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना साधारण त्याच दोन जागी थांबतं, म्हणून दातेही समोरासमोरच्या दोन जागीच झिजतात. रिंग तापवून काढून उलटी करून बसवता येते; लेथवाल्याला दहा मिनिटांचं काम. जुन्या आणि नव्या इंजिनाची फ्लायव्हील आणि मागची प्लेट शेजारी ठेवून भोकं जुळतात का ते पाहा, शंका असेल तर स्वतःच्या गाडीची वापरा. बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकात एक कॉटर पिन लोंबत असते. ती फेकू नका. हलत राहून ती भोक मोकळं ठेवते. या इंजिनाला मागे रबरी ऑइल सील नाही, क्रँकवर कोरलेले आटे तेल परत फेकतात. म्हणून थोडं थेंबणं स्वाभाविक आहे. ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी) नळी तुंबली किंवा तेल खुणेच्या वर भरलं, की मात्र ते क्लचवर येतं.

डायनॅमो, स्टार्टर, कार्ब्युरेटर शक्यतो तुमच्या गाडीचेच लावा. ते तुमच्या वायरिंगशी जुळलेले असतात. सुरुवातीच्या अँबेसेडरमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असायचा. आलेल्या इंजिनावर आल्टरनेटर असेल आणि तो तशा गाडीला जोडला तर डायोड क्षणात जातात. इंजिन ते बॉडीची अर्थची जाड पट्टी विसरलात तर स्टार्टरचा करंट चोकच्या तारेतून परतायला बघतो. सेल्फ मारल्यावर चोकची नॉब गरम लागली, तर कारण हेच. पेट्रोलचे रबरी होज आणि पंपाचा डायफ्रॅम मात्र नवे घ्या, ई-२० पेट्रोलला चालणारे. जुनं रबर फुगतं, सुटतं आणि जेटमध्ये जाऊन बसतं.

टॅपेटची गॅप १५ थाउ, म्हणजे ०.३८ मिमी. नऊचा नियम वापरा: कुठला व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेलाय तो क्रमांक नऊतून वजा करा, उरेल तो ॲडजस्ट करा. आठवा दाबलेला असेल तर पहिला. पॉइंटची गॅप १५ थाउ, प्लगची २५. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. एक नंबरचा पिस्टन फायरिंगसाठी वर आणताना चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह हलत असले पाहिजेत. पहिल्याचे हलत असतील तर तुम्ही एक फेरी चुकलात. तशाच वायरी लावल्या तर कार्ब्युरेटरमधून भडका येतो.

पहिल्यांदा चालू करण्याआधी २० डब्ल्यू ५० चं सुमारे ४ लिटर तेल भरा. प्लग काढून ठेवा आणि दहा-दहा सेकंदांनी सेल्फ मारत तेलाचा दाब येईपर्यंत फिरवा. दाब आलाच नाही तर पंप कोरडा पडलाय. त्यात तेल भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. चालू झाल्यावर गरम इंजिनात पळताना ५० पीएसआयच्या आसपास, आयडलला किमान १५ हवा. पाणी बोअरिंगचं नको, क्षार साचतात; साधं शुद्ध पाणी आणि कूलंट चालेल. तापल्यावर टॅपेट पुन्हा तपासा.

पहिले दोन दिवस गंगापूर रोडवरच फिरवा, खाली पुठ्ठा टाकून गळती बघत. मग सकाळी त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन या. साधारण ५०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर हेडचे नट मधून बाहेर अशा क्रमाने पुन्हा ४० वर आणा, त्यानंतर टॅपेट, आणि तेल बदला. कसारा घाट त्यानंतरच. मुंबईला जाताना तो उतार असतो म्हणून गाडी छान वाटते. खरी परीक्षा परतीच्या चढाला होते, तीही भर उन्हात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर. तापमापीचा काटा चढत राहिला तर आधी टायमिंग पाहा, मग फॅन बेल्ट, मग रेडिएटर. सगळे आधी रेडिएटरच खोलतात, पण मागे पडलेलं टायमिंगही इंजिनाला तेवढंच तापवतं.

तपासणीला जाताना इंजिनाची पावती, मंजुरीचा अर्ज आणि इंजिन नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप बरोबर हवी. ही छाप इंजिन घोडीवर असतानाच घ्या. गाडीत बसल्यावर डायनॅमोआड हात जात नाही. आरसीवर नवा नंबर आला की विमा कंपनीलाही कळवा. जुना ब्लॉक तोवर विकू नका.