लोअर लिंब शिकताना: खुबा, नडगी आणि काकूचा पाय

मी औसा तालुक्यातली. बारावीपर्यंत मराठीतून विचार करायची सवय, आणि मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात एमबीबीएसला लागल्यावर पहिल्याच महिन्यात इंग्रजी-लॅटिन नावांचा डोंगर समोर. हात कसाबसा पाठ करून निघाला. पाय पाठांतराने निघाला नाही. यंदा जे नव्याने येत आहेत, त्यातही जे खेड्यातून येत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

लोअर लिंबच्या, म्हणजे पायाच्या, पार्ट एंडिंगला (भाग शिकवून संपल्यावरच्या परीक्षेला) मॅडमनी माझ्या हातात फिब्युला दिलं. हे नडगीच्या बाहेरच्या बाजूचं काडीसारखं हाड. मी बाजू ओळखली, जोडलेले स्नायू धडाधड म्हणून दाखवले. मॅडमनी डोक्याखालच्या अरुंद मानेवर बोट ठेवून विचारलं, "इथून काय जातं? आणि ते दबलं तर पेशंट तुमच्याकडे काय तक्रार घेऊन येईल?" पहिल्याचं उत्तर आलं: कॉमन पेरोनियल नर्व्ह, म्हणजे गुडघ्याच्या बाहेरून जाणारी नस (मज्जातंतू). दुसऱ्याला मी गप्प. वाक्य पुस्तकात वाचलेलं होतं, पण त्या वाक्याला माणूस जोडलेला नव्हता. मार्क गेले.

त्याच आठवड्यात संक्रांतीला गावी गेले. काकू ओसरीत बसलेली. कांद्याची खुरपणी चालू होती, चार-पाच दिवस सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उकिडवं बसून सरकत सरकत. आदल्या दिवशी उठली तर उजवा पाय धड पडेना. "चप्पल सुटून पडायली बघ, पाऊल वर येतच नाही," ती म्हणाली. शेजारचे म्हणत होते, लकवा मारलाय.

मी तिला अंगणात चालायला लावलं. गुडघा नेहमीपेक्षा उंच उचलायची, आणि टाच टेकायच्या आधी चवडा फरशीवर थप्पकन पडायचा. चवड्यावर उभी राहा म्हटलं तर राहिली. टाचांवर उभी राहा म्हटलं तर उजवं पाऊल उचललंच नाही. पावलाच्या वरच्या भागावर बोट फिरवलं तर म्हणाली, "तिथं बधिर लागतंय." हात, तोंड, बोलणं अगदी ठीक. मॅडमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी लातूरला दाखवलं. निदान मी केलं असं कुणी समजू नका. फर्स्ट इयरच्या मुलीने निदान करायचं नसतं. पण तिथल्या डॉक्टरांनी जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. पाऊल तपासून झाल्यावर त्यांनी काकूला डाव्या कुशीवर झोपवलं आणि उजवा अख्खा पाय सरळ ठेवून वर उचलायला सांगितला. तिने जोर लावून उचलला. मग पाऊल आतल्या बाजूला वळवायला लावलं, तेही जमलं. मला कळेना, पाऊल पडलंय तर खुबा कशाला बघतात. त्यांनी समजावलं. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना बरेचसे तंतू पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या एल-५ (कमरेच्या पाचव्या) नसेतून येतात. तीच नस खुब्यावरच्या ग्लुटियस मीडियसला जाते आणि पाऊल आत वळवणाऱ्या टिबियालिस पोस्टेरियरलाही. पाठीतल्या चकतीने नस दाबली असती तर तीनही कमजोर झाले असते. इथे खुबा आणि आत वळवणं शाबूत, म्हणजे अडचण खाली, गुडघ्यापाशी. उकिडवं बसून बसून नस दबलेली.

त्या दहा मिनिटांनी पाय शिकायची माझी पद्धतच बदलली. पुस्तकात ग्लुटियल रीजन (कुल्ल्याचा भाग) एका धड्यात, लेगचा (गुडघ्याखालच्या पायाचा) बाहेरचा भाग पाच धडे पुढे. नस मात्र धडे मोजत नाही. सायॅटिक ही शरीरातली सगळ्यात जाड नस, एल-४ ते एस-३ (कंबर ते त्रिकास्थी) या नसांमधून तयार होते, पिरिफॉर्मिस या कुल्ल्यातल्या स्नायूच्या खालून बाहेर पडते, मांडीच्या मागून उतरते आणि बहुधा गुडघ्याच्या खळग्याच्या वर तिचे टिबियल आणि कॉमन पेरोनियल असे दोन भाग होतात. एक संध्याकाळ काढा आणि ही वाट कमरेपासून अंगठ्यापर्यंत स्वतःच्या पायावर पेनाने काढा. प्रत्येक वळणावर विचारा: इथे तुटली तर काय बंद पडेल? कुल्ल्यावर इंजेक्शन वरच्या बाहेरच्या चतुर्थांशातच का द्यायचं, हे त्या एका रेघेत दिसतं.

आपल्याकडचे शब्दही सोडू नका. आई ज्या हाडावर घागर टेकवते किंवा मूल कडेवर घेते ते इलियाक क्रेस्ट. लाकडी बाकावर बसून रुततं ते इश्चियल ट्युबरॉसिटी. मांडी घालून बसताना जो लांब पट्टा ताणलेला दिसतो तो सार्टोरियस, शरीरातला सर्वांत लांब स्नायू. वॉर्डात पेशंट हेच शब्द बोलणार आहेत: जांघ, पोटरी, घोटा, गोळे येणं, मुंग्या येणं. आणि एक सावधानता. पेशंट "गुडघा दुखतो" म्हणाला तरी खुबा तपासायचा, लहान मूल असेल तर हमखास. दोन्ही सांध्यांना फेमोरल आणि ऑब्च्युरेटर नसांच्या फांद्या जातात, त्यामुळे दुखणं खुब्यात असून गुडघ्यात जाणवतं.

हिप बोन (कमरेचं हाड) सगळ्यांना छळतं. तीन हाडं मिळून ते बनतं, कुमारवयात ती वाटीपाशी, म्हणजे अ‍ॅसिटाब्युलममध्ये, जुळून येतात. हाड कसं धरायचं ते कळत नसेल तर भिंतीला लावा: पुढचं वरचं टोक आणि प्युबिक ट्युबरकल (जांघेजवळचा उंचवटा) दोन्ही भिंतीला टेकले आणि वाटी बाहेरच्या बाजूला आली, की हाड शरीरात असतं तसं उभं राहिलं. फीमरची, म्हणजे मांडीच्या हाडाची, मान मात्र नुसती बघून सोडू नका. फीमरच्या डोक्याला रक्त मुख्यतः खालून, मानेला चिकटून वर चढणाऱ्या बारीक धमन्यांतून मिळतं. म्हातारी आजी न्हाणीत घसरते आणि मान मोडते तेव्हा त्या धमन्याही तुटतात, आणि हाड जुळायला इतका त्रास का होतो ते कळतं.

ट्रेंडेलेनबर्ग साइन (खुब्याच्या स्नायूच्या कमजोरीची खूण) वाचली की लातूरच्या एसटी स्टँडवर अर्धा तास बसा. एका पायावर भार आला की दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडणारा माणूस दिसेलच. कंबर पडते त्या बाजूचा नव्हे, ज्या पायावर तो उभा आहे त्या बाजूचा ग्लुटियस मीडियस कमजोर असतो. मी हे तीनदा उलटं लिहिलं होतं.

डिसेक्शन टेबलावरच्या देहाला रोज हात लावण्याआधी नमस्कार करा, आणि नसा सोडवताना घाई करू नका. कुणीतरी देहदान केलंय म्हणून आपल्याला ती वाट बघायला मिळते.

काकूला पाऊल वर धरून ठेवणारा स्प्लिंट दिला, उकिडवं बसायचं बंद केलं आणि व्यायाम शिकवला. मे महिन्यात गेले तेव्हा ती टाचांवर उभी राहून दाखवत होती. मग पाय पुढे करून म्हणाली, "ती शीर कुठं आहे ते दाखव की मला." गुडघ्याच्या बाहेर, हाडाच्या गोळीच्या खाली मी तिचं बोट ठेवलं आणि हळूच मागेपुढे फिरवलं. दोरीसारखी ती बोटाखालून सरकली. "हीच होय गं," म्हणाली, आणि बराच वेळ तिथंच चाचपत बसली.