कोल्हापुरातून पृथ्वी आणि आकाश शिकताना : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

शाळेत पृथ्वी आणि अवकाश यांच्या अभ्यासाची सुरुवात बहुधा सूर्यमालेच्या रंगीत चित्राने होते आणि माझ्या मते पहिली अडचण तिथेच निर्माण होते. चित्रात आठही ग्रह एका ओळीत, दाटीवाटीने बसवलेले असतात. मुलांना ग्रहांची नावे पाठ होतात, परंतु आपण उभे आहोत त्या जमिनीचा या चित्राशी काय संबंध, हे मात्र कळत नाही. कोल्हापुरात आठवी-नववीच्या वर्गांना भूगोल आणि विज्ञान शिकवताना माझा क्रम हळूहळू उलटा होत गेला. आधी मैदानावरची सावली, मग पायाखालचा दगड, त्यानंतर पाऊस आणि नदी, आणि ग्रह सर्वांत शेवटी. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या शिक्षकांना आणि स्वतःहून अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हाच क्रम सुचवतो.

सावलीसाठी मीटरभर लांबीची सरळ काठी, ओळंबा, दोरी आणि खडू एवढे साहित्य पुरते. काठी ओळंब्याने अगदी उभी करावी. यात हयगय झाली तर पुढचे सगळेच बिघडते. सकाळी दहाच्या सुमारास सावलीचे टोक जिथे असेल तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काठीभोवती दोरीने आखावे. सावली आखडत वर्तुळाच्या आत जाते आणि दुपारी तीनच्या आसपास पुन्हा वाढून त्याच वर्तुळाला दुसऱ्या बाजूने टेकते. या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, आणि ती होकायंत्राशिवाय मिळाल्याचा मुलांना मोठा आनंद होतो. मधल्या वेळेत दर दहा मिनिटांनी सावलीची लांबी नोंदवायला सांगितली की कोणीतरी हमखास म्हणते, "सर, बारा वाजून गेले तरी सावली अजून आखडतेच आहे." इथे उत्तर लगेच देऊ नये. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरची आहे, तर कोल्हापूर ७४ अंश १४ मिनिटांच्या आसपास आहे. प्रत्येक अंशाला ४ मिनिटे धरली तर फरक सुमारे ३३ मिनिटांचा येतो. हे गणित मुलांनी स्वतः फळ्यावर मांडले की रेखावृत्ते ही केवळ नकाशावरची रेघोट्यांची जाळी राहत नाहीत. चौकस विद्यार्थ्यांना पुढची पायरीही सांगावी. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने आणि तिचा अक्ष कललेला असल्याने आपली खरी मध्यान्ह, म्हणजे सावली सर्वांत आखूड होण्याची वेळ, वर्षभर मागेपुढे सरकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती साधारण १२ वाजून १७ मिनिटांनी, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ४७ मिनिटांनी होते.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो दिवस, कोल्हापुरात ६ मेच्या सुमारास आणि पुन्हा ६ ऑगस्टच्या सुमारास येतो. पहिला सुट्टीत जातो आणि दुसरा पावसात, त्यामुळे शाळेच्या वेळापत्रकावर विसंबू नये. मेमधले निरीक्षण घराच्या गच्चीवर, साडेबाराच्या आधी तयारीत राहून करायला सांगावे.

या शहरात शिकवणाऱ्याला एक सोय अशी आहे, जी फार थोड्या ठिकाणी मिळते. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव इथल्या प्रत्येक मुलाला माहीत असतो. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत शिरून मूर्तीपर्यंत पोहोचतात. परंपरेनुसार पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी संपूर्ण मूर्तीवर. वर्गात मी एवढेच विचारतो की याच तारखा का, आणि त्या दोनदा का. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंतचे दिवस मोजा आणि २२ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंतचे मोजा. दोन्ही वेळा ४१ येतात, कारण २१-२२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सर्वांत दक्षिणेला पोहोचून परत फिरतो. सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या बिंदूवर मावळतो, त्याच बिंदूवर तो परत येतानाही मावळतो. त्या दिवसांत सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेला असतो आणि कोल्हापुरातून पाहताना नेमक्या पश्चिमेपासून जवळपास १८ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो. मैदानावरच्या पूर्व-पश्चिम रेषेवर कोनमापक ठेवला की हा कोन मुलांना स्वतः मोजता येतो. सूर्य एकदा दक्षिणेकडे आणि एकदा उत्तरेकडे सरकत असताना दोन्ही वेळांना किरणांची उंची उलट क्रमाने का बदलत नाही, असा प्रश्न एखादे मूल विचारते आणि तो खरोखरच चांगला प्रश्न आहे. त्यावर वर्गात आकृती काढून वाद घालू द्यावा, कारण मार्गातली बांधकामे आणि क्षितिजावरचे ढग किंवा धूर यांचाही त्यात विचार करावा लागतो. श्रद्धेच्या विषयात विज्ञान आणल्याची तक्रार होईल, ही नव्या शिक्षकांची भीती मला अनाठायी वाटते. मंदिर बांधणाऱ्यांनी क्षितिज किती काळजीपूर्वक पाहिले असेल, हे समजल्यावर आदर वाढतोच.

ऋतूंचा गैरसमजही येथेच दूर करावा. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते असे अनेक मोठी माणसेसुद्धा सांगतात. प्रत्यक्षात ती सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, जेव्हा आपण स्वेटर घालून शाळेत येतो. जुलैमध्ये ते अंतर सुमारे १५.२ कोटी किलोमीटर होते. कारण अंतरात नसून अक्षाच्या साडेतेवीस अंशांच्या कलात आहे.

दगडांसाठी पन्हाळ्याच्या घाटरस्त्यासारखा वर्ग नाही. रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यात आधी काळा, घट्ट बेसॉल्ट दिसतो. काही थरांत लाव्हारसातले वायू निसटताना राहिलेल्या पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरी स्फटिके भरलेली सापडतात. हा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. "मग सर, पन्हाळा ज्वालामुखी होता का?" हा प्रश्न ठरलेला. लाव्हारस मुख्यतः जमिनीच्या लांब भेगांतून बाहेर पडला आणि थरावर थर पसरत गेला. नंतर नद्यांनी बरेचसे कापून नेले आणि जे उरले ते आपले डोंगर. म्हणूनच त्यांचे माथे सपाट दिसतात. माथ्यावर पोहोचल्यावर दगडाचा रंगच बदलतो. तिथला तांबूस, सच्छिद्र जांभा म्हणजे उष्ण हवेत आणि भरपूर पावसात बेसॉल्टमधले विरघळणारे घटक वाहून गेल्यावर मागे उरलेली लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे. काळा आणि तांबडा असे दोन तुकडे मुलांच्या हातात देऊन त्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाकायला सांगावे. कोणता शोषतो आणि कोणत्यावरून ओघळतो, हे पाहिल्यावर डोंगरातल्या झऱ्यांचा धडा निम्मा झालेला असतो.

पावसाबद्दल वेगळे उदाहरण शोधायची गरजच नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा. सह्याद्री चढताना हवा थंड होऊन बाष्प गाळते आणि पलीकडे कोरडी उतरते. तरीही २००५, २०१९ आणि २०२१ साली शिरोळ पाण्याखाली गेले, हा विरोधाभास मुलांना बरोबर सुचतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे घाटातले पाणी पंचगंगेतून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा भरलेली असेल तर ते पुढे सरकत नाही. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज वहीत लिहून तिचा आलेख काढावा. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी यांच्या रेषा आधीच आखून ठेवाव्यात.

चंद्रासाठी संकष्टी पुरते. घरात मोठी माणसे चंद्रोदयाची वाट पाहतात आणि दिनदर्शिकेत त्याची वेळ छापलेली असते. पौर्णिमेपासून पुढे चार-पाच दिवस चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटे कसा लांबतो, हे मुलांनी स्वतः लिहून पाहावे. दुर्बिणीची घाई करू नये. पालक उत्साहाने स्वस्त दुर्बीण आणतात आणि तिच्या डुगडुगत्या तिकाटण्यामुळे मूल महिन्याभरात कंटाळते. त्यापेक्षा चांगली द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्यावी आणि पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या अंधाऱ्या जागी मोठ्यांसोबत जावे. तिथून ध्रुवतारा क्षितिजावर अवघा १७ अंश वर दिसतो, म्हणजे आपल्या अक्षांशाएवढाच.

पुढे या क्षेत्रात जायचे असेल तर दहावीपर्यंत राष्ट्रीय कनिष्ठ विज्ञान परीक्षा आणि अकरावी-बारावीत खगोलशास्त्राची ऑलिंपियाड परीक्षा द्यावी. भूशास्त्राची पदवी पुण्यात करता येते आणि मुंबईच्या आयआयटीत पृथ्वीविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. पदव्युत्तर शिक्षणानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील पदांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा असते. जवळचे उदाहरण म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे केंद्र असून तिथल्या रडारने ऐंशी ते शंभर किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांचा अभ्यास केला जातो. यांपैकी कोणत्याही वाटेवर गणित आणि भौतिकशास्त्र लागतेच, त्यामुळे फक्त भूगोल आवडतो म्हणून अकरावीला गणित सोडण्याचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला मी तसे न करण्याचा सल्ला स्पष्ट शब्दांत देतो.